मंगळाचं 'भूशास्त्र' म्हणावं का?

शाळकरी मुलांसाठी मंगळावरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचक बाईंनी विचारलंय: 'यानाने कक्षेतून काढलेल्या छायाचित्रांवरून मंगळाच्या भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला जातो, असं वाक्य मी लिहिलं आणि अडले. भू म्हणजे पृथ्वी. मग मंगळाचं भूगर्भशास्त्र कसं? त्याऐवजी मंगळशास्त्र म्हणू का?'

माझं उत्तर असं की 'भू' खुशाल ठेवा, अडचण 'गर्भ'ची आहे.

आधी 'भू' बघू. भू म्हणजे पृथ्वी हे खरंच, पण भू म्हणजे पायाखालची जमीनसुद्धा. रोजच्या मराठीत हाच दुसरा अर्थ जास्त वावरतो. भूमीची आपण भुई केली आणि तिच्यापासून भुईमूग, भुईनळा, भुईसपाट असे शब्द घडवले. डोंगरी किल्ल्याहून वेगळा म्हणून भुईकोट म्हणतो, तेव्हा 'पृथ्वी नावाच्या ग्रहावरचा किल्ला' असं कुणाच्या मनात येत नाही. भूमिहीन शेतमजुराकडे नसते ती जमीन. भूखंड, भूसंपादन, भूजल हे सगळे शब्द जमिनीचेच. आणि भूमिती तर जमीन मोजण्यातून निघून इतकी दूर गेली की मंगळाच्या कक्षेची भूमिती म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

ज्या इंग्रजी शब्दावरून आपण भूशास्त्र केलं, त्या जिऑलॉजीतल्या ग्रीक 'गे'लाही पृथ्वी आणि जमीन असे दोन्ही अर्थ आहेत. चंद्रासाठी सेलेनॉलॉजी, मंगळासाठी अ‍ॅरिऑलॉजी असे वेगळे शब्द तिकडेही घडवून पाहिले, पण ते रुळले नाहीत. १९६०च्या दशकात युजीन शूमेकर यांनी अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात परग्रहांसाठी वेगळी शाखा उभी केली, तिच्या नावातही जिऑलॉजी कायम राहिलं. कारण अभ्यासाची रीत तीच आहे. थरावर थर असेल तर वरचा नंतरचा. विवराचा, म्हणजे उल्का आदळून झालेल्या खळग्याचा, काठ फोडून कोरडा प्रवाहमार्ग गेला असेल तर विवर आधीचं. त्या मार्गाच्या तळाशी आणखी एक लहान विवर असेल तर ते त्याहूनही अलीकडचं. विवरांची दाटी जितकी जास्त, तितका तो प्रदेश जुना. हे नियम सह्याद्रीत वेगळे आणि मंगळावर वेगळे नसतात.

'मंगळशास्त्र' मात्र नको. आपल्याकडे तो शब्द ऐकला की आधी पत्रिकेतला मंगळ डोळ्यांपुढे येतो. शिवाय उद्या बुधशास्त्र आणि शुक्रशास्त्रही लागेल.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. मंगळाचं जुनं नाव 'भौम', म्हणजे भूमीचा मुलगा. मंगळवारला भौमवार म्हणतात तो त्यावरूनच. ज्या ग्रहाला परंपरेने भूमीशी नातं जोडून दिलंय, त्याच्या बाबतीत 'भू' परका वाटायला नको. नवग्रहस्तोत्रात तर त्याला 'धरणीगर्भसंभूत' म्हटलंय, आणि तिथे तुमच्या वाक्यातला गर्भसुद्धा आहे!

आता त्या गर्भाकडे येतो. कक्षेतल्या कॅमेऱ्याला दिसते ती पाठ. मरिनर ९ हे दुसऱ्या ग्रहाभोवती फिरू लागलेलं पहिलं यान. १९७१च्या नोव्हेंबरात ते पोचलं तेव्हा सगळा मंगळ धुळीच्या वादळाने झाकलेला होता आणि वर डोकावत होती ती फक्त थोर ज्वालामुखींची माथी. पुढे धूळ बसली, आणि मोहीम संपेपर्यंत त्याने एकूण ७,३२९ छायाचित्रं पाठवली. त्यांत सुमारे ४,००० किलोमीटर लांबीची आणि ठिकठिकाणी ७ किलोमीटर खोल अशी अजस्र दरी दिसली. यानाच्या नावावरून तिला व्हॅलेस मरिनेरिस म्हणतात. आजचे कॅमेरे सुमारे ३०० किलोमीटरवरून जेवणाच्या टेबलाएवढी वस्तू टिपतात. तरीही ते पाहतात पृष्ठभागच. म्हणून अशा अभ्यासाला 'भूगर्भशास्त्र' म्हटलं की वाचणाऱ्या मुलाला वाटणार, यानाने मंगळाच्या पोटात डोकावलं.

याला एक मोठा अपवाद आहे. मध्येच का होईना, तो सांगायलाच हवा. काही जागी गर्भ आपणहून बाहेर आलेला असतो. व्हॅलेस मरिनेरिसच्या कड्यांत एकावर एक थर उघडे पडलेत. आणि विवरं तर निसर्गाने घेतलेल्या खोदाईसारखीच असतात. हे पाहायला मंगळावर जायला नको, बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पुरे. काठावरून उतरताना काळ्या कातळाचे थर नीट निरखा. दख्खनच्या पठारावर इतरत्र आडवे पसरलेले हेच थर इथे उचकटून बाहेरच्या बाजूला कललेत. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या खळग्यातला खालचा दगड आघाताने वर उलथला गेला. बेसॉल्टमध्ये, म्हणजे याच काळ्या कातळात, झालेली आणि अजून चांगल्या स्थितीत असलेली आघातविवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. मंगळाचा बराच पृष्ठभागही बेसॉल्टचाच, त्यामुळे मंगळाची छायाचित्रं वाचणारे अभ्यासक लोणारच्या काठावर येऊन दगड गोळा करतात. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या गावांची नावं द्यायची पद्धत आहे. त्यात एक 'पूना' आहे आणि एक 'लोणार'ही.

काही मंगळविवरांभोवती बाहेर फेकलेला माल पाकळ्यांसारखा पसरलेला दिसतो. ओल्या चिखलात जोराने धोंडा टाकला की कसा थबकन लगदा उडून कडेला थिजतो, तसा. व्हायकिंग यानांच्या छायाचित्रांत 'युटी' नावाच्या विवराभोवती हे फार स्पष्ट दिसलं. जमिनीत बर्फ किंवा पाणी असावं, असा त्यावरून तर्क निघाला. म्हणजे पोटातली खूण पाठीवर वाचता आली.

एका शब्दाचा एवढा काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. मंगळाच्या बाबतीत शब्दाने एकदा जगाला चकवलेलं आहे. १८७७ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांनी दुर्बिणीतून दिसलेल्या रेषांना 'कानाली' म्हटलं. इटालियनमध्ये त्यात नैसर्गिक प्रवाहमार्गही येतात. इंग्रजीत त्याचे 'कॅनाल' झाले, म्हणजे कुणीतरी खणलेले, आणि अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेल यांनी तिथे कालवे खणणारी बुद्धिमान वस्ती कल्पिली. १९६५ मध्ये मरिनर ४ने जवळून छायाचित्रं काढली, तेव्हा दिसली ती विवरं. आपल्या भाषेत कालवा वेगळा आणि ओढा, ओहोळ, घळ वेगळी. कालवा म्हटलं की खणणारा माणूस आलाच. म्हणून तुमच्या लेखात मंगळाच्या उतारांवरच्या 'गली' (इंग्रजी gully) आल्या तर त्यांना 'ओघळ' किंवा 'घळी' म्हणा, 'चर' नको. चर आपण खणतो.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'कक्षेतल्या यानाने काढलेल्या छायाचित्रांवरून शास्त्रज्ञ मंगळाच्या पृष्ठभागाचं भूशास्त्र समजून घेतात.'

पुढे लेखात इनसाइट आलं, तर मात्र गर्भ बिनधास्त परत आणा. २०१८च्या २६ नोव्हेंबरला उतरलेल्या त्या यानाने मंगळाच्या जमिनीवर कंपमापक ठेवला आणि १,३००हून अधिक हादरे नोंदवले. त्या लहरींवरून कवच किती जाड आणि गाभा केवढा याचा हिशेब लागला. त्या हादऱ्यांना मी 'मंगळकंप' म्हणतो, कारण 'भूकंप झाला' एवढंच वाचलं की आपण पहिल्यांदा विचारतो, कुठे?