जेवतानाचा ठसका आणि पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया

प्रश्न : माझा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग असून त्याला फिट्सही येतात. गेल्या पावसाळ्यापासून त्याला दोनदा न्यूमोनिया झाला. जेवताना ठसका लागतो, पण तो त्याला लहानपणापासूनच लागतो. आमचे डॉक्टर म्हणतात, ‘अशा मुलांचं असंच असतं.’ घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांची धूळ याला कारणीभूत असेल का? – एक भगिनी, ठाणे

उत्तर : ताई, धुळीने खोकला व दमा बळावतो हे खरे, परंतु आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य ठसक्याचे आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये गिळण्याच्या क्रियेतील दोष बराच आढळतो आणि अशा वेळी अन्नाचे कण, पाणी किंवा लाळ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरून फुप्फुसात जंतुसंसर्ग होतो. काहींना तर ठसकाही लागत नाही. केवळ जेवणानंतर आवाज ओलसर, घरघरता होतो, जेवायला फार वेळ लागतो किंवा वजन उतरू लागते. फिट्सवरील काही औषधांनी, उदाहरणार्थ क्लोनाझेपामने, गुंगी व लाळ वाढते, म्हणून भावाची औषधे मेंदूविकारतज्ज्ञांकडून एकदा तपासून घ्यावीत. स्वतःहून मात्र एकही गोळी बंद करू नये.

‘असंच असतं’ हे उत्तर मला मान्य नाही. इंग्लंडच्या नैऋत्य भागात २०१० ते २०१२ या काळात झालेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मृत्यूंची चौकशी करण्यात आली, तेव्हा सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत पुरुष सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे लवकर दगावल्याचे आढळले. तेथील पुढच्या आढाव्यांतही न्यूमोनिया, आणि विशेषतः अन्न फुप्फुसात गेल्याने होणारा न्यूमोनिया, हे कारण वारंवार नोंदले गेले. यांतील बरेच मृत्यू वेळीच निदान व उपचार मिळाले असते तर टळले असते. दम लागला, अंगात कणकण आहे, हे रुग्णाला सांगता येत नाही आणि त्याची अस्वस्थता ‘त्याचा स्वभाव’ म्हणून सोडून दिली जाते, हा दोष रुग्णाचा नव्हे.

वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. गरज भासल्यास बेरियम गिळायला देऊन क्ष-किरणांखाली घास कुठे जातो ते पाहता येते. अन्न किती मऊ, पाणी किती दाट द्यायचे हे त्यानंतरच ठरवावे. तोवर भावाला खुर्चीत ताठ बसवून, मान किंचित पुढे झुकवून, लहान घासांनी भरवावे; टीव्ही बंद असावा, आणि जेवल्यावर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. दात घासण्याकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते, पण तोंडातील जंतूच लाळेबरोबर फुप्फुसात जातात. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लसही घ्यावी.

भाऊ बरा असताना, शांत बसलेला असताना, त्याचे मिनिटाला किती श्वास होतात ते मोजून वहीत लिहून ठेवावे (प्रौढांत साधारण १२ ते २०). दवाखान्यात ‘नेहमी १६ असतात, आज २८ आहेत’ असे सांगितले की मग कोणी स्वभावाचे नाव काढत नाही. श्वास वहीतल्या नेहमीच्या आकड्याहून जलद झाला, ओठ निळसर पडले किंवा तो नेहमीपेक्षा सुस्त झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : माझ्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. विमा कंपन्या तिला नाकारतात. उपाय काय? – एक पालक, ऐरोली

उत्तर : केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) ‘निरामय’ आरोग्य विमा योजना बौद्धिक दिव्यांगांसाठी असून तिच्यात १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, तेही पूर्वतपासणीशिवाय. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मुलगी रात्री घोरत असेल, तर झोपेत श्वास अडतो का याचीही तपासणी करून घ्यावी. डाऊन सिंड्रोममध्ये ही तक्रार नेहमी आढळते आणि तिच्यावर उपचार आहेत.