कढीपत्ता खरंच मेला होता का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. वाफ्यात पुदिना, थाइम आणि गवती चहा आहे, कुंडीत कढीपत्ता. गेल्या हिवाळ्यात कढीपत्ता घरात आणला, तरी पानं गळून नुसती काठी उरली; शेवटी फेकून दिला. बाहेरचा गवती चहाही वाळून गेला. यंदा काय करू?

उत्तर: तुम्हाला हळहळ वाटेल, पण सांगायलाच हवं. ती काठी बहुधा जिवंत होती. मीही इथलीच, आणि माझा कढीपत्ता दर जानेवारीत असाच उघडाबोडका होतो. अशा वेळी खोडाची साल नखाने जराशी खरवडायची. आत ओलसर हिरवं दिसलं, तर झाड फक्त झोपलंय. तपकिरी, कोरडं लागलं तर आणखी खाली, अगदी मातीजवळ खरवडून बघायचं. तिथे हिरवं असलं तरी पुरे.

पानं गळाली की आपला जीव कळवळतो आणि आपण पाणी घालत सुटतो. मुळं कुजतात ती तिथेच. पानंच नाहीत, तर झाड पाणी ओढणार कसं? बोट दोन पेरं मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच वाटीभर पाणी घाला. खत अजिबात नको. मार्च-एप्रिलमध्ये उजेड वाढला की कोंब दिसतील.

कुंडी आत घ्यायची ती रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागण्याआधी. त्याआधी पानं, विशेषतः खालची बाजू, नीट धुऊन घ्या. हीटिंगच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड बघता बघता पसरते.

गवती चहाला एक कडक हिमरात्रही पुरते. ऑक्टोबर उजाडला की चार-पाच फुटव्यांचा ठोंब मुळांसकट खणा, पाती वीतभर ठेवून कापा, कुंडीत लावून दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. कापलेली पात सावलीत वाळवली की हिवाळाभर चहाला होते.

पुदिना आणि थाइम बाहेरच राहू देत. पुदिना वरून मरतो, मुळं मातीत शाबूत असतात. थाइमला थंडीपेक्षा साचलेलं पाणी मारतं, म्हणून त्याच्यावर ओल्या पानांचा ढीग नको आणि छाटणीही वसंतातच करा. पुदिन्यावर मात्र जमीन गोठल्यावर वाळक्या पानांचा जाड थर द्या. जमीन सारखी गोठत-वितळत राहिली तर मुळं वर उचलली जातात. थर त्यासाठी असतो. बर्फ पडला तर तो काढू नका, त्याची गोधडीच होते. फक्त ड्राइव्हवेवरचा मीठ टाकलेला बर्फ फावड्याने वाफ्यात लोटू नका. माझं सेजचं एक जुनं झुडूप असंच गेलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मे महिन्याच्या मध्यानंतर कुंड्या बाहेर काढा. पहिला आठवडा सावलीत ठेवा, नाहीतर कोवळी पानं उन्हाने करपतील.