लेस्टरच्या मध्यभागी राहायला येताना: दार, सोनं, फोन आणि रात्रीचा रस्ता

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: ऑक्टोबरात जळगावहून दोघं लेस्टरला येणार, वहिनींना रॉयल इन्फर्मरीत नर्सची नोकरी, त्यात रात्रपाळ्या. तर घर शहराच्या मध्यभागी घ्यावं की लांब, आणि तिथे चोरीमारीची भीती किती? माझं मत स्पष्ट आहे. मध्यभागीच घ्या. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दवाखान्यापासून पंधरा मिनिटांच्या आत, उजेडाच्या रस्त्यावर घर असणं हीच मोठी सुरक्षितता आहे. फक्त इमारत पारखून घ्या. आपल्याकडे ओट्यावर बसलेल्या आजीच्या नजरेतून गल्लीत शिरलेला अनोळखी माणूस सुटत नाही. इथल्या फ्लॅटमध्ये शेजारी वर्षभर तुमचं नाव विचारणार नाही. ते राखणीचं काम इथे दार, कुलूप आणि वेळच्या वेळी केलेली नोंद यांच्याकडून करून घ्यावं लागतं.

जागा बघण्याआधी पोलीस डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर त्या घराचा पोस्टकोड टाका. रस्त्यानुसार, महिन्यानुसार गुन्हे दिसतात. तिथला आकडा बघून घाबरू नका. क्लॉक टॉवर आणि हायक्रॉस मॉलच्या आसपास आकडा फुगलेला दिसणारच, कारण दुकानांतल्या चोऱ्या आणि शुक्रवार-शनिवार रात्रीच्या पबबाहेरच्या मारामाऱ्या त्यातच मोजल्या जातात. तुम्ही घरफोडी, अंगावरून हिसकावलेल्या वस्तू आणि गाड्यांचे गुन्हे एवढेच वेगळे काढा आणि नोव्हेंबर ते जानेवारीचे महिने मुद्दाम बघा. नकाशावरचा ठिपका नेमक्या घरावर नसतो, जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. त्यामुळे एका ठिपक्यावरून इमारत बाद करू नका. त्याच पानावर त्या वस्तीची पोलीस टीम आणि तिच्या बैठकींची माहिती असते, ती उतरवून ठेवा.

घर दिवसा बघाच, पण शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारासही त्या रस्त्यावरून एक फेरी मारा. स्वतः जमत नसेल तर इथल्या ओळखीच्या माणसाला पाठवा. मुख्य दार आपोआप पूर्ण बंद होतं का, की शेवटचा इंचभर ढकलावं लागतं? इंटरकॉमवर ‘ट्रेड’ नावाचं बटण आहे का? ते पोस्टमनसाठी असतं आणि सकाळी ठरावीक तास कुणीही दाबलं तरी दार उघडतं. ते कोणत्या वेळेत चालू असतं, हे व्यवस्थापकाला विचारा आणि बंद करायला सांगा. पार्सलं जिन्याखाली पडलेली दिसली तर समजा, तिथून ती उचललीही जातात. मग ऑनलाइन मागवलेलं सामान लॉकरवर किंवा दुकानातून घ्यायचं. तुमच्या मागोमाग कुणी आत शिरू लागला तर दार धरून उभं राहण्याची आपली सवय सोडावी लागेल. “कोणत्या फ्लॅटला जायचंय? त्यांना बेल द्या,” असं शांतपणे म्हणणं इथे उद्धटपणा नाही.

तळमजला शक्यतो नको. खान्देशातल्या उन्हाळ्यानं आपल्याला उघड्या खिडक्यांची सवय लावलेली असते. इथे तळमजल्याची उघडी खिडकी म्हणजे चोराला सरळ निमंत्रण. तोच घ्यावा लागला तर प्रत्येक खिडकीला किल्लीचं कुलूप आणि उघडण्याला मर्यादा घालणारा रिस्ट्रिक्टर हवा.

आता कुलूप. यावर वेळ घालवा, कारण विम्याचा दावा इथेच अडतो. लाकडी दाराला नुसतं आपोआप बसणारं नाइट लॅच असेल तर ते पुरेसं नाही, साध्या लॅचची जीभ प्लॅस्टिकच्या पट्टीनं सरकवता येते. त्याच्या जोडीला दारात बसवलेलं मॉर्टिस डेडलॉक हवं आणि त्याच्या कडेच्या पट्टीवर ब्रिटिश स्टँडर्डचा छाप हवा. बीएस ३६२१ हे दोन्ही बाजूंनी किल्लीचं. बीएस ८६२१ आतून किल्लीशिवाय उघडतं. फ्लॅटसाठी दुसरंच चांगलं, कारण आग लागली तर धुरात किल्ली शोधावी लागत नाही. मात्र फ्लॅटचं दार बहुधा आगरोधक असतं. मालकाला न विचारता त्याला भोक पाडायचं नाही, कुलूपही आगरोधक दाराला चालणारंच लागतं.

दार पांढऱ्या प्लॅस्टिकचं, म्हणजे यूपीव्हीसीचं असेल तर हँडल वर उचलून किल्ली फिरवायलाच हवी. नुसतं ओढून घेतलं की दार लागलं असं वाटतं, पण हुक बसलेले नसतात. या दारांची खरी कमजोरी मधला सिलिंडर. म्हणजे ज्यात किल्ली जाते तो भाग. तो बाहेरच्या प्लेटपेक्षा ३ मिलिमीटरहून जास्त पुढे आलेला असेल तर पकडीनं धरून मोडता येतो. त्यावर टीएस ००७ चे तीन तारे किंवा एसएस ३१२ डायमंड, या सुरक्षेच्या मानकांपैकी एकाची खूण बघा. बदलायचा झाल्यास मधल्या स्क्रूच्या छिद्रापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं माप घ्यायचं. दाराची जाडी दोन्हीकडे सारखी नसते आणि चुकीचं माप घेतलं की तोच सिलिंडर पुन्हा बाहेर डोकावतो. आधीच्या भाडेकरूकडे किल्ल्या राहिल्या असू शकतात, म्हणून करार करतानाच सिलिंडर बदलून मागा. आणि किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका. टपालाच्या फटीतून काठी घालून त्या ओढतात. गाडी बिनकिल्लीची असेल तर तिची किल्ली सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये, दारापासून लांब.

भाड्याच्या फसवणुकीबद्दल मोजकं सांगतो. घर न बघता, जळगावातून पैसे पाठवू नका, भाडं कितीही स्वस्त असो. इंग्लंडमध्ये जागा राखण्यासाठी जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं घेता येतं. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर अनामत पाच आठवड्यांहून जास्त नाही, आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा होऊन तसं पत्र तुम्हाला मिळायला हवं. मालक खरा आहे का, हे लँड रजिस्ट्रीवर थोडी फी भरून बघता येतं.

सोन्याचा विषय आपल्या माणसांना सगळ्यात जास्त भोवतो. जळगावच्या सराफ बाजाराजवळ वाढलेल्या घरात वीस-पंचवीस तोळं असणं नवलाचं नाही आणि नेमकं हेच इथल्या घरफोड्यांना पक्कं ठाऊक आहे. दक्षिण आशियाई कुटुंबांच्या घरात बावीस कॅरेटचं सोनं असतं, म्हणून अशी घरं हेरली जातात. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी पोलीस याबद्दल मुद्दाम सावध करतात. तांदळाचा डबा, देवघरामागची जागा, गादीखाली, साड्यांच्या घड्यांत, या जागा त्यांना तोंडपाठ असतात. तेव्हा रोजच्या वापरापुरतं आणा, बाकीचं गावाकडच्या बँकेच्या लॉकरमध्येच राहू द्या. जे आणाल त्याचं निघताना विमानतळावर भारतीय कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत नेताना ड्युटीचा वाद होत नाही.

प्रत्येक दागिन्याचा फोटो फूटपट्टी शेजारी ठेवून काढा. वजन, कॅरेट, सराफाचं बिल आणि हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी कोड हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल घराबाहेरही साठवा. घरमालकाचा विमा तुमच्या सामानाला लागू होत नाही. स्वतःचा कंटेंट विमा घ्यावा लागतो. त्यात ‘सिंगल आर्टिकल लिमिट’, म्हणजे एका वस्तूमागची भरपाईची मर्यादा, वाचा. त्या रकमेवरचा हार वेगळा नोंदवला नसेल तर पूर्ण भरपाई मिळत नाही. अंगावर घालून बाहेर गेल्यावर संरक्षण हवं असेल तर घराबाहेरचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. इथल्या बहुतेक मोठ्या बँकांनी लॉकर देणं बंद केलं आहे, खासगी व्हॉल्ट मिळतात. घरी तिजोरी घेतली तर ती जमिनीला किंवा भिंतीला बोल्टनं जखडलेली हवी, नाहीतर चोर तिजोरीसकट उचलतो. तिजोरीवर रोख रकमेचं रेटिंग असतं, दागिन्यांसाठी साधारण त्याच्या दहापट धरतात. बेलग्रेव्ह रोड या इथल्या भारतीय बाजाराच्या रस्त्यावर दिवाळीला जाताना मंगळसूत्र कोटाच्या आत असू द्या. कार्यक्रमाचे फोटो टाकायचे तर घरी परतल्यावर.

फोन हिसकावणं हा मध्यवस्तीतला नेहमीचा गुन्हा. सायकल किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवरून मागून येतात. नकाशा बघायचा असेल तर फुटपाथच्या कडेला नको, दुकानाच्या भिंतीकडे पाठ करून उभं राहा. पण फोनपेक्षा मोठं नुकसान त्यातल्या भारतीय सिमचं होतं. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि नवं सिम इथे बसून मिळवणं फार जिकिरीचं असतं. म्हणून भारतीय सिम जुन्या, साध्या फोनमध्ये घरीच ठेवा. दोन्ही सिमांना पिन लावा, नाहीतर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि पासवर्ड बदलत सुटतो. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. आयफोनमध्ये ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’, अँड्रॉइडमध्ये चोरी ओळखून लॉक होण्याची सोय चालू करा. व्हिसा आता ई-व्हिसा झाला आहे आणि त्याच्या खात्यात शिरायचा कोड फोनवर किंवा ईमेलवर येतो, तेव्हा दोन्ही नोंदवलेले हवेत. फोन गेलाच तर आधी नेटवर्क कंपनी, मग बँक, मग पोलीस, याच क्रमानं. बँकेसाठी १५९ लक्षात ठेवा, बहुतेक बँकांशी तो थेट जोडून देतो. गृहखातं, करखातं किंवा भारतीय उच्चायुक्तालयातून बोलतोय सांगून कुणी फोनवर दंड मागितला तर काही न बोलता ठेवून द्या. असा दंड फोनवर कुणीही घेत नाही.

वहिनींच्या रात्रपाळीचं. न्यू वॉक ही झाडांची पायवाट दिवसा फार सुंदर, पण अंधारात तिथून एकटीनं नको, व्हिक्टोरिया पार्कमधूनही नको. न्यू वॉकला समांतर लंडन रोडवर दुकानं, बस आणि वर्दळ असते. दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. टॅक्सी हात दाखवून थांबवायची तर ती हॅकनी कॅरिजच, म्हणजे रस्त्यावरून प्रवासी घ्यायचा परवाना असलेली टॅक्सीच हवी. बाकीच्या खासगी गाड्या आधी बुक केल्याशिवाय बसू नये. त्या प्रवासाला विमा नसतो आणि ते बेकायदाही आहे. स्टेशनवर किंवा गाडीत काही खटकलं तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करता येतो.

मिरचीचा स्प्रे मात्र बॅगेत घालून आणू नका. भारतात तो सहज मिळतो, इथे १९६८ च्या शस्त्र कायद्यानुसार तो प्रतिबंधित शस्त्र आहे आणि नुसता जवळ बाळगणं हा गंभीर गुन्हा. खिशातला घडीचा चाकूसुद्धा ३ इंचांपर्यंतच्या धारेचा आणि लॉक न होणारा असेल तरच चालतो. मोठ्यानं वाजणारा पर्सनल अलार्म कायदेशीर आहे, तो घ्या. कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवा, पर्सच्या तळाशी असून उपयोग नाही.

जिवाला धोका असेल, गुन्हा चालू असेल किंवा गुन्हेगार जवळपास असेल तर ९९९. बाकी सगळ्यासाठी १०१ किंवा पोलिसांचा ऑनलाइन अर्ज. बोलणं धोक्याचं असेल तर मोबाइलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाबायचं. मेसेजनेही ९९९ ला कळवता येतं, पण त्यासाठी आधी ‘रजिस्टर’ असा इंग्रजीत मेसेज पाठवून नोंदणी करावी लागते. ती पहिल्याच दिवशी करा. तक्रारीनंतर क्राइम रेफरन्स नंबर मागून घ्या, विमा कंपनी पहिल्यांदा तोच विचारते. नाव न सांगता माहिती द्यायची असेल तर क्राइमस्टॉपर्स, ०८०० ५५५ १११. रंगावरून, धर्मावरून कुणी शिवीगाळ केली तर “जाऊ दे” म्हणू नका. तो द्वेषाचा गुन्हा म्हणून नोंदवता येतो, आणि न नोंदवलेली गोष्ट पोलिसांच्या हिशेबात घडलेलीच नसते.

वस्तीतल्या कटकटींनाही हेच लागू. वरच्या फ्लॅटमधला धिंगाणा, जिन्यात नशा करणारी टोळकी, हे तारीख-वेळ घालून दर वेळी कळवा. सहा महिन्यांत तीन तक्रारी करूनही काही झालं नाही तर समाजाला त्रास देणाऱ्या वर्तनाविरुद्धच्या २०१४ च्या कायद्यानं तुम्हाला प्रकरणाचा फेरआढावा मागता येतो. बंद दिव्याच्या खांबावर नंबर असतो, तो कौन्सिलला कळवला की काम लवकर होतं. इमारतीत नेबरहूड वॉच असेल तर सामील व्हा. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९८२ पासून आहे. लक्ष ठेवायचं आणि कळवायचं, पकडापकडी करायची नाही.

ग्रुपवरच्या अफवांबद्दल कळकळीनं सांगतो. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर याच शहराच्या पूर्व भागात हिंदू-मुस्लिम तरुणांमध्ये तणाव भडकला आणि खोट्या पोस्टनी तो वाढवला. गावाकडून आलेला व्हिडिओ असो वा इथला, खात्री नसेल तर पुढे पाठवू नका, जमाव दिसला तर बघायला थांबू नका. फटाक्यांचंही भान ठेवा. एरवी रात्री ११ नंतर बंदी, दिवाळीच्या रात्री १ पर्यंत सूट. रस्त्यावर फोडणं मात्र कधीच चालत नाही.

तुम्ही याल तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातील आणि डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळेल. दोघंही कामावर असताना अंधारं घर ओळखू येतं. बैठकीच्या खोलीतल्या दिव्याला टायमर लावा. लग्नासाठी महिनाभर गावी जाणार असाल तर निघण्याआधी विम्याची कलमं वाचा. सलग ३० किंवा ६० दिवसांहून जास्त घर रिकामं राहिलं की बऱ्याच पॉलिसी चोरीची भरपाई देत नाहीत. तेवढ्या दिवसांसाठी टपाल रॉयल मेलकडे रोखून ठेवता येतं, कारण फटीतून खाली साचलेली पत्रं बाहेरूनही दिसतात.