तिलापियावर उतारा म्हणून थाई मांगूर?

प्रश्न : गावतळ्यात कटला, रोहू, मृगळ सोडतो, पण तिलापिया फार माजला आहे. तो खायला थाई मांगूर सोडावा का?

उत्तर : मुळीच नाही. हा मुळात आफ्रिकी मासा. भारतात त्याच्या पालनावर 2000 पासून बंदी आहे. तो तिलापियाच निवडून खात नाही. तोंडात मावेल ते सगळं गिळतो, म्हणजे आधी तुमची महागडी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं). हवेतूनही श्वास घेत असल्यानं पावसाळ्यात सांडव्यावरून, ओल्या जमिनीवरून सरपटत ओढ्यात उतरतो. तळं आटवलं तरी चिखलात तग धरतो, त्यामुळे एकदा आला की ओढजाळ्यानं पुरता निघत नाही.

आधीच कुणी सोडला असेल तर मे महिन्यात पाणी उतरल्यावर मोहाची पेंड वापरा : हेक्टरी 1 मीटर पाण्याला 2500 किलो. तिनं सगळेच मासे मरतात, म्हणून विकाऊ मासे आधी काढा. नवं बीज तीन आठवड्यांनीच सोडा.

तिलापियासाठी आपली मरळ बरी. मात्र क्रम चुकवू नका : कार्प (म्हणजे तुमचे कटला, रोहू, मृगळ) शंभर ग्रॅमच्या पुढे गेल्यावरच मरळीची बोटुकली सोडायची. उलट केलंत, तर तीही कार्पवरच पोसते! सांडव्याला बारीक जाळी हवीच.