मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स कुठे गेले? दुरुस्तीच्या टेबलावरून उत्तर

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. 2014 च्या सुमारास ज्याच्या त्याच्या हातात दिसणारे आपले देशी फोन एवढ्या झटपट कसे संपले, चिनी कंपन्यांनी स्वस्तात विकून त्यांना मारलं हे खरं का, ही पहिली. आणि वडिलांसाठी पंधरा हजारांच्या आत देशी फोन घ्यावा का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर शेवटी देतो. पहिलीचं लांबेल, कारण तो सगळा काळ माझ्या टेबलावरून गेलाय.

बार्शीत एसटी स्टँडजवळ आमचं मोबाईलचं दुकान आहे. दादा काउंटरवर, मी आत दुरुस्तीला. 2005 साली सुरू केलं तेव्हा टेबलावर दहातले आठ फोन नोकियाचे असायचे, आणि त्यातही 1100 जास्त. 2003 चं ते मॉडेल जगभरात 25 कोटींच्या वर खपलं. धूळ आत जाऊ नये म्हणून अख्ख्या कीपॅडवर रबराचा एकच पापुद्रा, वर टॉर्च. रात्री वीज आली की मोटार चालू करायला निघालेल्या शेतकऱ्याला त्या टॉर्चची किंमत विचारा.

मग आला तो काळ ज्याला आम्ही ‘चायना मोबाईल’ म्हणायचो. नाव नाही, गाव नाही, मागे चार-चार स्पीकर, दोन सिम, टीव्हीचा अँटेना. लोकांना ते हवेच होते, कारण 2009 साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा दर आणल्यावर सगळ्याच कंपन्यांत दरयुद्ध पेटलं होतं आणि प्रत्येकाला दोन सिम वापरायची होती. नोकियाकडे तेव्हा दोन सिमचा फोन नव्हता. त्यातच सरकारने आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसलेले फोन 1 डिसेंबर 2009 पासून बंद करायला लावले. बेनामी फोनांचा बाजार कायद्यानेच मोडला, पण गिऱ्हाइकाची गरज तशीच राहिली. दोन सिम, मोठा आवाज, मोठी बॅटरी, पण बिल आणि वॉरंटीसकट, असा फोन द्यायला जे पुढे आले ते आपले देशी ब्रँड. मायक्रोमॅक्सचा पहिला गाजलेला फोन एक्सवनआय हा 2008 चा. त्याची जाहिरातच 30 दिवसांच्या स्टँडबायची होती. आमच्या तालुक्यात तेव्हा खेड्यांना बारा-बारा तासांचं लोडशेडिंग होतं. माणसं बाजारच्या दिवशी येऊन दुकानात फोन चार्जिंगला ठेवून जायची. त्या फोनचं कौतुक शहरातल्या माणसाला समजणार नाही. या कंपन्यांना आपलं गिऱ्हाईक कळलं होतं, हे मी आजही ठामपणे सांगतो. जे झालं ते पुढे झालं.

2012-13 ची गोष्ट. एका दुपारी तीन वेगवेगळ्या देशी कंपन्यांचे फोन माझ्यासमोर उघडे पडले होते. स्क्रू काढले, पट्ट्या सोडवल्या आणि बघत राहिलो. तिन्हींत मीडियाटेकची चिप, तिन्हींत चार्जिंग जॅक त्याच जागी, स्पीकर त्याच कोपऱ्यात. एकाचा टच फुटला होता, दुसऱ्याचा लावून पाहिला तर अगदी बरोबर बसला. तिन्हींची खोकी वेगळी, जाहिरातीतले चेहरे वेगळे, आणि आत फोन एकच.

हे कसं व्हायचं ते सांगतो, कारण सगळं उत्तर यातच आहे. तैवानची मीडियाटेक नुसती चिप विकत नव्हती. चिपसोबत अख्ख्या फोनचा तयार आराखडा आणि सॉफ्टवेअर द्यायची. चीनमध्ये शेन्झेनला ते आराखडे घेऊन फोन बनवून देणारी घरं, म्हणजे ‘डिझाइन हाउस’ म्हणायचे अशा कंपन्या, होती. आपल्या कंपनीचा माणूस तिथे जायचा, मांडलेल्या नमुन्यांतून चार निवडायचा, रंग आणि नाव सांगायचा, ऑर्डर द्यायचा. काही महिन्यांत माल भारतात. त्यामुळे मॉडेलं भराभर यायची. दादाला नावं पाठ होईपर्यंत ती जुनी झालेली असायची. पण त्या बोर्डाची आतली गोष्ट कंपनीत कुणाला माहीत नसायची. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ती त्या चिनी घराकडूनच घ्यायची, आणि ते घर तोवर पुढच्या आराखड्याला लागलेलं असायचं. गिऱ्हाईक मला विचारायचं, ‘अपडेट कधी येणार?’ काय सांगणार? फोन हँग होतोय म्हणून आलेल्या शंभरातल्या नव्वदांना मी फॅक्टरी रीसेट मारून परत दिलंय, कारण दुसरं काही हातात नव्हतंच.

शिवाय ज्यांच्याकडून फोन बनवून घेत होतो तेही हा बाजार शिकत होते. जिओनी ही चिनी कंपनी आधी भारतातल्या देशी ब्रँडसाठी फोन बनवून द्यायची आणि 2013 मध्ये स्वतःच्या नावाने इथे उतरली. भारतात कुठल्या किमतीला काय खपतं ते तिला आपल्याच ऑर्डरींनी शिकवलं होतं.

बाहेरून मात्र तेव्हा सगळं झळाळत होतं. मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास 2 दहा हजारांच्या आत पाच इंची स्क्रीन घेऊन आला तेव्हा कॉलेजची पोरं आगाऊ पैसे देऊन नाव लावून जायची. 2013 मध्ये मायक्रोमॅक्सने हॉलिवूडचा ह्यू जॅकमन जाहिरातीत आणला. 2014 च्या शेवटच्या तिमाहीत कॅनलिस या बाजार मोजणाऱ्या संस्थेने स्मार्टफोनमध्ये मायक्रोमॅक्सला 22 टक्के आणि सॅमसंगला 20 टक्के हिस्सा देऊन देशात पहिल्या क्रमांकावर ठेवलं. सॅमसंगने तो आकडा मान्य केला नाही, पण आमच्या काउंटरवर तो खरा वाटत होता. आणि 2016 च्या शेवटच्या तिमाहीत आयडीसी या तशाच दुसऱ्या संस्थेच्या पहिल्या पाच नावांत एकही भारतीय ब्रँड उरला नव्हता. मध्ये फक्त दोन वर्षं.

आता ‘स्वस्तात विकून मारलं’ याबद्दल. शाओमीचा एमआय 3 जुलै 2014 मध्ये फ्लिपकार्टवर आला तो 13,999 ला. त्याआधी फेब्रुवारीत मोटो जी आला 12,499 ला. त्याहून स्वस्त फोन आपल्या कपाटात ढिगाने होते. रेडमी वनएस 5,999 ला आला तेव्हा धक्का बसला हे खरं, पण त्या किमतीतही आपले फोन होतेच. फरक पैसे कुठे अडकतात यात होता. शाओमी थोडीच मॉडेलं काढायची आणि वर्षभर विकायची. सुटे भाग हळूहळू स्वस्त होत जातात, म्हणून सुरुवातीला जेमतेम परवडणारा फोन नंतर पैसे मिळवून द्यायचा. फ्लिपकार्टवर काही सेकंदांत माल संपायचा, म्हणजे दुकानांत पडून राहणारा साठा नाहीच. आणि मुळात शाओमीची सुरुवात 2010 मध्ये फोनने नव्हे, एमआययूआय या सॉफ्टवेअरने झाली. फोन विकल्यानंतरही तो सुधारत राहायचा, कारण तो सुधारणारी माणसं त्यांच्या पगारावर होती.

आपल्याकडची साखळी उलटी. कंपनीने चीनला पैसे भरले, माल राज्याच्या वितरकाकडे, तिथून जिल्ह्याच्या, तिथून आमच्याकडे. मध्येच प्राइस ड्रॉप जाहीर झाला की कपाटातल्या प्रत्येक खोक्याची किंमत रात्रीत उतरायची. फरक क्रेडिट नोटने मिळेल असं सांगायचे. ती नोट कधी यायची, कधी यायची नाही.

आणि मग जिओ. 5 सप्टेंबर 2016. त्यांचं जाळं फक्त 4जीचं, साधा कॉलसुद्धा व्होल्टीवर, म्हणजे 4जीच्याच डेटावरून. 2जी-3जी मागे नाहीच. मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट, त्यामुळे गिऱ्हाईक दारातून आत यायच्या आधीच विचारायचं, ‘जिओ चालतो का यात?’ चिनी कंपन्यांकडे 4जी फोन तयार होते, कारण त्यांच्या देशात 4जी आधीच रुजलं होतं. आपल्या कंपन्यांनी 3जीचे फोन मागवून ठेवले होते. नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि रोखीवर चालणारं आमचं गिऱ्हाईक दोन महिने थांबलं. त्या दिवाळीआधी आम्ही एका देशी कंपनीचे 3जीचे 36 फोन घेतले होते. नाव सांगत नाही. दादाने वर्षभर ते कपाटात झाकून ठेवले आणि शेवटी निम्म्या किमतीला दिले. कंपनीचा प्रतिनिधी फोन उचलायचा बंद झाला होता. मी त्या पोरावर राग धरला नाही, त्याचाही पगार थकला होता. पण आमच्यासारख्या हजारो दुकानांत तसे 36-36 फोन पडले होते, आणि ते सगळे मिळून एखाद्या कंपनीचा वर्षाचा पैसा होतो.

त्याच वेळी ओप्पो आणि विवोचे लोक तालुक्याला येत होते. दुकानावर ग्लोसाइन बोर्ड फुकट, काउंटरला उभा राहणारा प्रमोटर त्यांच्या पगारावर, मार्जिन बरं आणि ठरलेल्या दिवशी जमा. विवोने 2018 ते 2022 च्या आयपीएलसाठी 2,199 कोटींची बोली लावली. अशा पैशासमोर आयात करून विकणारा कसा टिकणार?

पेटंटचीही एक बाजू आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने तिची पेटंटं पैसे न देता वापरल्याचं सांगत 2013 मध्ये मायक्रोमॅक्सला दिल्ली उच्च न्यायालयात ओढलं, आणि डिसेंबर 2014 मध्ये शाओमीलाही. म्हणजे घाव दोघांवर पडला. शाओमीने पुढे 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टकडून सुमारे 1,500 पेटंटं विकत घेतली. आपल्या कंपन्यांकडे वाटाघाटीत टेबलावर ठेवायला स्वतःचं काहीच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती भाषेची. आयआयटी मुंबईच्या मुलांनी इंडस ओएस नावाची प्रणाली बनवली होती, अँड्रॉइडवरच उभी. 2015 मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या युनाइट 3 वर आली. मराठी मेनू, मराठी टायपिंग, आणि आलेला मेसेज बोटाने सरकवला की आपल्या भाषेत. माझ्या काकूला मी तो फोन दिला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मेसेज लिहिला तो त्यावर, ‘भाकरी झाली ये’. हे शेन्झेनच्या कुठल्याही नमुन्यात नव्हतं, आपलं होतं. त्यावर पाच वर्षं पैसा आणि माणसं लावली असती, तर एका कंपनीला तरी स्वतःची ओळख राहिली असती असं मला वाटतं. पुढे इंडस फोनपेने विकत घेतली आणि 2024 मध्ये त्याच नावाचं ॲप स्टोअर काढलं. भाषेचं काम वाया गेलं नाही याचं समाधान आहे, पण फोन मात्र हातातून गेला.

आज तुम्ही कुठलाही फोन उलटा केलात तर ‘भारतात बनवलेला’ लिहिलेलं दिसेल. ते खोटं नाही. सरकारने आयात शुल्क डिसेंबर 2017 मध्ये 15 आणि फेब्रुवारी 2018 मध्ये 20 टक्के केलं, 2020 मध्ये सुमारे 41 हजार कोटींची उत्पादन प्रोत्साहन योजना आली. नोएडा, श्रीपेरुंबुदूर, होसूर इथे लाखो हात कामाला लागले, त्यात मुलींची संख्या मोठी. 2014 मध्ये नोकियाचा कारखाना बंद पडला तोही श्रीपेरुंबुदूरचाच, आणि आज त्याच गावातून आयफोन जगात जातात. मायक्रोमॅक्सची भगवती प्रॉडक्ट्स ही कंपनीही आता दुसऱ्या ब्रँडसाठी फोन जोडते. मी या कामाला कमी लेखत नाही. फक्त माझ्या टेबलावर फोन उघडला की चिप, डिस्प्लेचं पॅनल, कॅमेऱ्याचा सेन्सर, मेमरी हे सगळं अजून बाहेरचं असतं. आणि ते कुठे, कसं बसवायचं हे ठरवणारे बहुतेक वेळा आपल्याकडचे नसतात. 2013 मध्ये हेच ठरवणं आपल्या हातात नव्हतं आणि त्यानेच घात केला, म्हणून माझं लक्ष त्या छापलेल्या ओळीपेक्षा तिथेच जातं.

आता वडिलांचा फोन. देशी घ्यायचाच असेल तर आज विचार करण्यासारखी कंपनी म्हणजे ‘लावा’. मायक्रोमॅक्स, कार्बन, इंटेक्स आणि लावा या जुन्या चौघांपैकी स्मार्टफोनमध्ये नेटाने टिकून राहिलेली ती एकच. सॉफ्टवेअर साधं आणि स्वच्छ देतात, स्क्रीनवर जाहिराती उसळत नाहीत, वयस्कर माणसाला हे फार सोपं पडतं. पण दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी बघा. त्या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या पानावर लिहिलेलं असतं. तीनपेक्षा कमी असेल तर घेऊ नका, कारण वडिलांच्या फोनमध्ये बँक आणि यूपीआय असणार. बजेट थोडं वाढवता आलं तर सॅमसंगने गॅलॅक्सी ए16 ला सहा वर्षांचे अपडेट कबूल केलेत, तेही डोक्यात ठेवा. दुसरी गोष्ट, सर्व्हिस सेंटर तुमच्या तालुक्यात आहे की जिल्ह्याला जावं लागेल, ते फोन करून विचारा. आणि तिथे त्या मॉडेलचा फोल्डर, म्हणजे टचसकट डिस्प्ले, मिळतो का आणि कितीला, हेही विचारा. किमतीच्या निम्म्याच्या आसपास सांगितला तर दुसरं मॉडेल बघा. वडिलांचा फोन एकदा तरी पडणारच.

रॅम आणि मेगापिक्सेलच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. स्पीकरचा आवाज दुकानाच्या गोंगाटात ऐकून बघा, अक्षरं सगळ्यात मोठी करून मेनू नीट दिसतो का बघा, मराठी कीबोर्ड तिथेच चालू करून वडिलांना त्यांचं नाव लिहायला सांगा. फोन घेतल्यावर *#06# दाबून येणारा आयएमईआय बिलावरच्या आकड्याशी जुळवा आणि बिल वडिलांच्या नावाने करून घ्या. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो बंद करायला आयएमईआय लागेल, आणि बिलही हाताशी असलेलं बरं.