खाणीच्या कागदांतील ‘अ‍ॅडव्हेंचरर’ आणि मराठीतला पातीदार

प्रश्न असा आहे : इंग्लंडच्या नैऋत्येकडील कॉर्नवॉल आणि डेव्हन या परगण्यांतील तांब्या-शिशाच्या जुन्या खाण-कंपन्यांवर मराठीत लिहिताना मूळ कागदांत ‘अ‍ॅडव्हेंचरर्स’ हा शब्द सारखा भेटतो. ‘अ‍ॅडव्हेंचरर्सनी पर्सरचा हिशेब मंजूर केला आणि दहा शिलिंगांचा कॉल ठरवला’ अशा वाक्यात त्याला ‘साहसवीर’ म्हणावे का?

म्हणू नये. हिशेब मंजूर करणाऱ्या या मंडळींपैकी अनेकांनी खाणीत कधी पाऊलही ठेवलेले नसे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘येऊन ठेपणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ ‘दैवयोगाने जे घडेल ते’ असा होता, त्यातून ‘धोका’ आणि पुढे ‘धोक्यात घातलेला पैसा’ हे अर्थ निघाले. सर हम्फ्री मॅकवर्थ यांनी १६९८ मध्ये वेल्समधील शिशाच्या व चांदीच्या खाणींसाठी जी कंपनी उभी केली, तिच्या नावातच ‘माइन अ‍ॅडव्हेंचरर्स’ होते, ते याच पैशाच्या अर्थाने. (आपल्या ‘साहस’ शब्दाचा प्रवासही सरळ नाही : धर्मशास्त्रात तो बळजोरीने केलेल्या गुन्ह्याचे नाव आहे, शिवाय दंडाच्या पायऱ्यांना प्रथम, मध्यम आणि उत्तम साहस म्हणत.)

मग ‘भागधारक’ का नको? अडचण खरी इथे आहे. कॉर्नवॉलमधील बऱ्याच खाणी ‘कॉस्ट-बुक’ म्हणजे खर्चवहीच्या पद्धतीने चालत. ठरावीक भांडवल नसे. दर दोन-तीन महिन्यांनी खाणीच्या हिशेबघरात बैठक भरे; पर्सर, म्हणजे हिशेब आणि पैसा सांभाळणारा कारभारी, वहीतून मजुरी, मेणबत्त्या, सुरुंगाची दारू आणि विकलेले खनिज यांच्या रकमा वाचून दाखवी; शिल्लक उरली तर ती वाटून घेत, तूट आली तर प्रत्येकाने आपल्या हिश्शाप्रमाणे भरून द्यायची. या भरण्याच्या मागणीलाच ‘कॉल’ म्हणत. ज्याला हे झेपेनासे होई, तो तोपर्यंतचे देणे चुकते करून लेखी सूचनेने आपला हिस्सा सोडून देऊ शके. मात्र सभासद असेतो त्याच्या देण्याला मर्यादा नसे. ‘भागधारक’ म्हटले की आजच्या वाचकाला मर्यादित जबाबदारी गृहीतच वाटते, आणि ती तर इथे नव्हती.

म्हणून मी ‘पातीदार’ सुचवतो. धंद्यातील हिस्सा या अर्थाचा ‘पाती’ हा आपला जुना शब्द आहे, आणि नफ्याबरोबर तोट्याचाही वाटा पातीदाराकडे येतो हे त्यात आपोआप कळते. हिश्शांची संख्या पुष्कळदा ६४, १२८, २५६ अशी दुपटीने वाढणारी असे. डेव्हन ग्रेट कॉन्सल्स ही ताम्रखाण १८४४ मध्ये सुरू झाली तीही १,०२४ हिश्शांवर. तिथली पहिली खाण व्हील मारिया. या ‘व्हील’चा चाकाशी संबंध नाही, तो ‘काम’ या अर्थाचा कॉर्निश शब्द आहे.

शब्दाची ही निवड संशोधनातही उपयोगी पडते. १८६२ च्या कंपनी कायद्याने वीसहून अधिक सभासदांच्या व्यापारी मंडळींना नोंदणी सक्तीची केली, पण स्टॅनरी न्यायालयाच्या, म्हणजे या भागातील खाणींसाठीच्या खास न्यायालयाच्या, हद्दीतील खाणींना त्यातून वगळले. तेव्हा कागदात ‘अ‍ॅडव्हेंचरर’ आणि ‘पर्सर’ दिसले, तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात विसर्जित कंपन्यांच्या बीटी ३१ या मालिकेत शोधण्यापूर्वी कॉस्ट-बुक, जमीनमालकाचे भाडेपट्टे आणि १८९६ मध्ये बंद झालेल्या त्या न्यायालयाची दप्तरे पाहावीत. ‘शेअरहोल्डर’, ‘डायरेक्टर’, ‘लिमिटेड’ हे शब्द दिसले तर बीटी ३१ कडे आधी वळावे, आणि मराठीतही निःशंकपणे ‘भागधारक’ लिहावे. एकाच खाणीवर आधी पातीदारांची मंडळी आणि पुढे नोंदलेली कंपनी आली असेल, तर लेखातही शब्द त्या टप्प्यावर बदलू द्यावा.

आपले वाक्य मी असे लिहीन : ‘पातीदारांनी पर्सरचा हिशेब मंजूर केला आणि दर पातीमागे दहा शिलिंग भरण्याचे ठरवले.’ ‘पर्सर’ तसाच ठेवला आहे, कारण ‘खजिनदार’ म्हटल्याने त्याचा अर्धाच कारभार सांगितला जातो.