कायदा आणि आपण : एकरकमी पोटगी की दरमहा?

प्रश्न : आमच्या लग्नाला १४ वर्षे झाली असून मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या जन्मानंतर मी बँकेतील नोकरी सोडली. आता परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरत आहे. पतीच्या हाती दरमहा १,४०,००० रुपये पगार येतो. मला आणि मुलीला मिळून ते एकरकमी १८ लाख देऊ करतात. त्या बदल्यात दोघांच्या नावावर असलेल्या फ्लॅटवरील हक्क मी सोडावा, अशी अट आहे. दरमहा पोटगी घेतल्यास पुनर्विवाहानंतर ती बंद होईल, असे ते सांगतात. मी काय करावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पतीचे म्हणणे खरे आहे, पण अर्धेच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ नुसार पुनर्विवाह झाल्यास न्यायालय पोटगीचा आदेश बदलू किंवा रद्द करू शकते; मात्र परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून मागण्याची सोयही त्याच कलमात आहे. एकरकमी पैसे घेतले की त्यांच्या पुढील पगारवाढीशी आपला संबंध संपतो, आणि त्यांना या प्रस्तावात असलेला फायदा मुख्यतः हाच आहे.

रक्कम पारखून पाहू. पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के पोटगी रास्त ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कल्याण डे चौधरी खटल्यात म्हटले होते. तो पक्का नियम नव्हे, पण बोलणी कुठून सुरू करावीत हे त्यावरून कळते. त्या हिशेबाने दरमहा ३५,००० होतात, म्हणजे १८ लाख ही जेमतेम ५१ महिन्यांची पोटगी झाली. ही रक्कम ७ टक्के व्याजाने ठेवली, तर महिन्याला १०,५०० रुपये हाती येतील, आणि त्यातच मुलीचे शिक्षणही धरलेले आहे. मुलीचा खर्च या रकमेत मिसळू देऊ नका. तो तिचा हक्क आहे, आईने तडजोडीत सोडून देण्याचा नव्हे. त्यासाठी संमतीपत्रात स्वतंत्र कलम हवे.

तरीही एकरकमी पोटगी त्याज्य नाही. दरमहा मिळणारी पोटगी घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, तर एकरकमी पोटगी ही भांडवली जमा असल्याने करपात्र नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आहे. शिवाय थकबाकी वसुलीसाठी वारंवार अर्ज करण्याचा मनस्ताप टळतो. आक्षेप आहे तो रकमेला आणि फ्लॅटच्या अटीला.

गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतीपत्नीची मिळकत सामाईक मानली जाते आणि घटस्फोटात निम्मी वाटली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. घर सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेल्या स्त्रीचे योगदान येथे जे काही मोजले जाते, ते पोटगीतच, आणि हा या कायद्यातला मोठा अन्याय आहे असे मला वाटते. परंतु आपले नाव खरेदीखतात आहे. हप्ते स्वतःच्या खात्यातून गेले असे पती म्हणतील, पण तेवढ्याने ते नाव पुसले जात नाही. बाजारभावातून कर्जाची बाकी वजा करून आपल्या हिश्श्याची किंमत वेगळी मागावी. आपण सहकर्जदार असाल, तर हक्क सोडल्यानंतरही कर्जाची जबाबदारी राहते; बँकेकडून लेखी मुक्तता मिळाल्याखेरीज सही करू नये.

वादाचा दावा चालल्यास दोन्ही पक्षांना मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते, हे २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाने ठरले आहे. त्यामुळे खटला लांबवून पतीचे पैसे वाचतीलच असे नाही. बोलणी करतानाही पगारपत्रक, आयकर विवरणपत्रे आणि गुंतवणुकीचे कागद मागावेत. घाई कोणाला आहे, हेही पाहावे. पतीला असेल, तर आकडा वाढायला वाव आहे.

हुकूमनामा होईपर्यंत कोणाही पक्षाला संमती मागे घेता येते. अर्ज दाखल केल्यानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा न्यायालय माफ करू शकते, पण तोवर केवळ शब्दावर विसंबू नये. काही रक्कम अर्ज दाखल करताना आणि उरलेली प्रतीक्षेनंतरच्या दुसऱ्या सुनावणीला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्टने घ्यावी. हक्कसोडपत्राची नोंदणी शेवटचा ड्राफ्ट हाती पडल्यावरच करावी.